पाटी, परवाना आणि पाहुणा

पुण्याहून सोलापूरच्या वाटेला लागले, की यवत, पाटस, कुरकुंभ अशी गावे एकामागून एक मागे पडतात. भिगवण सोडून इंदापूरच्या रोखाने निघाले म्हणजे डाळज लागते. डाळज हे नाव एक. पण कागदोपत्री गावे तीन. डाळज नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. डाव्या हाताला उजनीच्या जलाशयाचे पाणी, उजव्या हाताला उसाची शेते, आणि मधून रात्रंदिवस वाहणारा महामार्ग. या महामार्गाच्या काठी हॉटेले आहेत. खेड्यातला माणूस त्याला 'हाटेल' म्हणतो, आणि मला तो उच्चार आवडतो. कारण परदेशातून आलेली ही वस्तू त्याने त्या एका उच्चाराने आपलीशी करून टाकली आहे.

अशा एखाद्या हाटेलात आपण चहाला बसलात, की एकदा गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहा. देवाची तसबीर असते, तिच्यापुढे उदबत्ती असते, आणि शेजारीच चौकटीत बसवलेले दोन-चार कागद असतात. एक अन्नाच्या नोंदणीचा, एक दुकानाच्या नोंदणीचा, एखादा कराचा. मालकाला विचारा, हे काय आहे? तो हसून म्हणेल, "सरकारचा ससेमिरा, दुसरं काय!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते पुरते खरेही नाही. त्या प्रत्येक कागदामागे कोणाचे तरी एक गाऱ्हाणे आहे. कोणाला तरी एके काळी दारातून परत पाठवले गेले, कोणाची तरी गाठोडी चोरीला गेली, कोणाच्या तरी पोटात वाईट अन्न गेले, कोणाचे तरी बालपण खरकटे धुण्यात संपले; तेव्हा कुठे एकेक कायदा जन्माला आला. आज मला त्या कागदांची ही मागची बाजू आपणांपुढे ठेवावयाची आहे.

धर्मशाळेकडून हॉटेलाकडे

आपल्याकडे परक्या माणसाला पैसे घेऊन जेवू घालणे ही गोष्ट फार जुनी नाही. वाटसरूला धर्मशाळा होती, देवळाची ओवरी होती, कुठे अन्नछत्र होते. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट आजही दाखवले जातात. आपल्या इंदापूर तालुक्यातून तुकोबांची पालखी दर आषाढीला जाते. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मुक्कामांवर हजारो माणसे जेवतात आणि कोणी कोणाकडे बिल मागत नाही. जिथे दाम नाही तिथे भांडण नाही, आणि जिथे भांडण नाही तिथे कायदाही फारसा फिरकत नाही. अर्थात या चित्राला एक काळी बाजू आहे. तिच्याकडे मी लवकरच येतो.

मग आगगाडी आली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ साली आपल्या भिगवणजवळच्या दिक्सळपर्यंत येऊन पोहोचला, आणि पुढे १८६० मध्ये सोलापूरला गेला. रूळ पुढे सरकेपर्यंत दिक्सळ हेच या बाजूचे शेवटचे ठाणे होते. जरा विचार करा. ज्या माळावर कालपर्यंत बैलगाडीची धूळ होती, तिथे गाडीभर अनोळखी माणसे उतरू लागली. त्यांना पाणी हवे, भाकरी हवी, रात्री पाठ टेकायला जागा हवी. ओळखीपाळखीवर चालणारा पाहुणचार अशा गर्दीला पुरा पडत नाही. तिथे धंदा उभा राहतो.

धंदा उभा राहिला, की त्याला नियमात बसवावे लागते. १८६७ साली इंग्रज सरकारने सराईंचा कायदा केला. तो प्रथम वायव्य प्रांतापुरता होता. इतर प्रांतांच्या सरकारांना तो आपल्याकडे लागू करण्याची मुभा होती. त्यातली कलमे आज वाचताना गंमत वाटते. सराईवाल्याने सराईची नोंद जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटाकडे करावी, कोणी साथीच्या रोगाने आजारी पडल्यास लगोलग पोलिसात कळवावे, विहिरी व गटारे स्वच्छ ठेवावीत, पहारेकरी ठेवावेत, दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे, आणि ज्या झाडाच्या फांद्यांवरून चोर आत शिरतील अशी झाडे वा फांद्या तोडून टाकाव्यात! कसूर केली तर वीस रुपयांपर्यंत दंड. नोंदणी, आरोग्य, सुरक्षितता आणि दर या चार गोष्टी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात आहेत, आणि आजच्या हॉटेलवाल्याच्या भिंतीवरचे कागदही पुष्कळसे याच चार गोष्टींभोवती फिरतात. एक मात्र त्या कायद्यात ठळकपणे आले नव्हते: दार कोणासाठी उघडायचे?

दार कोणासाठी?

इंग्लंडच्या जुन्या रिवाजी कायद्यात एक तत्त्व होते. खोली रिकामी असेल आणि वाटसरू सरळपणे दाम द्यायला तयार असेल, तर सराईवाल्याला योग्य कारणावाचून त्याला दारातून परत पाठवता येत नसे. आपल्याकडे राज्य इंग्रजांचे आले, पण दारावर कायदा चालत राहिला तो जातीचा. धर्मशाळा 'सर्वांसाठी' असे, पण त्या 'सर्वां'त सगळे मोडत नसत. खाणावळीच्या पाटीवरच ती कोणाची हे लिहिलेले असे. स्टेशनावर पाणी पाजणारेसुद्धा धर्माप्रमाणे निराळे असत.

साध्या चहाच्या पेल्याने केवढे वादळ उठू शकते, हे पुण्याने १८९० साली पाहिले. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामांकित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. पुढे चहा आला. कोणी घेतला, कोणी नुसता समोर ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे छापून टाकली, आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. ही सगळी समाजातली मोठी माणसे. त्यांची ही गत, तर ज्याला गावकुसाबाहेर राहावे लागे त्याची काय असेल?

त्याचे उत्तर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. हिंदूंच्या हॉटेलात आपल्याला जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी होती. व्यवस्थापकाने भाडे मिळते म्हणून पारशी नावाने वहीत नोंद करून त्यांना ठेवून घेतले. भाडे रोज दीड रुपया. पण बातमी फुटली. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्याने वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम केला. शहरात दुसरीकडे कुठेही जागा मिळेना. शेवटी रात्रीची गाडी येईपर्यंत हा विद्वान माणूस एका सार्वजनिक बागेत बसून राहिला. श्रोतेहो, सराईच्या त्या वहीतली नोंद खोटी होती हे खरे. पण खरे नाव लिहून जिथे राहता येईल अशी वहीच त्या शहरात नव्हती, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

त्याच सुमारास कोल्हापुरात उलट्या दिशेने एक पाऊल पडत होते. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या नोकराला पाणवठ्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, पण गंगारामला स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' असे त्या हॉटेलाचे नाव. हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दारापुढे थांबवीत, चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावीत. राजाच चहा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर गंगारामला भांडवल मिळाले होते, जागा मिळाली होती, चहाही चांगला होत असणार. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या मनातली. ती अडचण कोणत्याही कर्जाने सुटणारी नव्हती. ती एका घोटाने सुटली.

पुढची पावले कायद्याची आहेत. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठावे लागले. १९४७ साली मुंबई प्रांतात सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा अमलात आला. १९५० मध्ये आपली राज्यघटना आली आणि तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख झाला: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने तिथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. घटनेसारख्या थोर ग्रंथात हॉटेलाला जागा मिळावी, याचे कोणाला नवल वाटेल. बडोद्याची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला वाटणार नाही.

पाठोपाठ १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेलवाल्यांनी त्यातल्या दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, या कायद्यात नुसता प्रवेश नाही, तर हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे आत घेतले, पण कपबशी निराळी ठेवली, तरी तो गुन्हाच. ही निराळी कपबशी, फुटक्या कानाची, बाहेरच्या वळचणीला ठेवलेली, पिणाऱ्यानेच विसळून ठेवायची, ती पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यात टिकून होती हे आपल्यातले वडीलधारे सांगतील. दुसरी गोष्ट अशी, की असा गुन्हा शाबीत झाला तर कैदेची शिक्षा तर आहेच, पण ज्या धंद्याच्या संबंधात तो घडला त्याचा परवानाही रद्द किंवा तहकूब करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. भिंतीवरचा कागद आणि दाराची उघडझाप यांची गाठ कायद्याने अशी पक्की मारून ठेवली आहे.

जेवण विकले, की वाढले?

आता गल्ल्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत गर्दी वाढली, जागा मिळेनात, मालक वाटेल ते भाडे मागू लागले. म्हणून १९४७ साली मुंबईत जो भाडेनियंत्रणाचा कायदा झाला त्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंगच्या दरांचे नियंत्रण होते. तो कायदा पन्नास वर्षांहून अधिक चालला. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला.

दर ठरले तरी कराचा प्रश्न राहतोच, आणि या प्रश्नाने आपल्या देशातल्या मोठमोठ्या वकिलांना घाम फोडला आहे. प्रश्न दिसायला अगदी सोपा आहे. आपण हॉटेलात जेवलो, तर मालकाने आपल्याला जेवण विकले, की वाढले? विकले असेल तर विक्रीकर लागतो. वाढले असेल तर ती सेवा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले, की ही विक्री नव्हे. गिऱ्हाईक बसायला जागा, पंखा, वाढणारा माणूस, स्वच्छ ताट या सगळ्यांसह भूक भागवायला येते. ताटात उरलेले बांधून घरी नेण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. जे विकत घेतले ते तर आपले असते! राज्यांच्या तिजोऱ्यांना यामुळे भोक पडले. तेव्हा १९८२ साली चक्क राज्यघटनेत सेहेचाळीसावी दुरुस्ती करावी लागली, आणि हॉटेलात अन्न पुरवणे ही विक्रीच समजावी असे ठरले. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्याने तेच जेवण पुन्हा 'सेवा' म्हणून धरले. थाळीतली भाकरी तीच, पिठले तेच. नाव मात्र तीनदा बदलले.

आपल्या डाळजच्या लहान हॉटेलवाल्याला यातून काय घ्यायचे? सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर या कराच्या नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसताना बिलात कर लावून गिऱ्हाइकाकडून वसूल करणे हा गुन्हा आहे. गिऱ्हाइकानेही बिलावरचा नोंदणी क्रमांक पाहण्याची सवय ठेवावी.

पाण्याच्या बाटलीचेही असेच आहे. बाटलीवर कमाल किंमत छापलेली असते. मग हॉटेलात जास्त कशी घेतात? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हॉटेलात बसून पाणी मागवणारा नुसते पाणी घेत नाही, तिथल्या सोयीही वापरतो. तेव्हा छापील किमतीचे बंधन तिथे लागू होत नाही. पण ही मुभा बसून खाण्यापिण्याच्या सेवेसाठी आहे. हॉटेलाच्या दर्शनी बाजूला जे दुकान थाटलेले असते, तिथून एस. टी. च्या खिडकीत बाटली विकताना ती सबब चालू नये. आणि फुकटचे साधे पाणी? माठातले पाणी मागणाऱ्याला पैसे मागणारा हॉटेलवाला आपल्या भागात मी अजून पाहिला नाही. ही गोष्ट कायद्याने आलेली नाही. ती धर्मशाळेतून आलेली आहे.

गल्ल्याची आणखी एक बाजू म्हणजे उधारी. 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावूनही वही भरतेच. जुन्या १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात हॉटेलवाल्याला खाण्यापिण्याच्या पैशांसाठी दावा लावायला एकच वर्ष मिळे. १९६३ च्या कायद्याने ती मुदत तीन वर्षे केली. ज्या दिवशी अन्न दिले त्या दिवसापासून ती मोजतात. म्हणून वहीत तारीख हवी आणि गिऱ्हाइकाची सही हवी. "ऊस गेला की देतो" या शब्दावर पाच वर्षे थांबलेल्या मालकाला न्यायालय काही मिळवून देऊ शकत नाही.

आपल्या सामानाची जबाबदारी

हॉटेलात हमखास दिसणारी दुसरी पाटी अशी असते: 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली.' मालकाची अशी समजूत असते, की पाटी लावली म्हणजे आपण सुटलो. तसे नाही. १८७२ च्या करार कायद्यात एक साधे तत्त्व आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला म्हणून ताब्यात घेतली, तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेईल तशी तिची घ्यावी. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने मोटार आणि चावी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली. मोटार चोरीला गेली. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापले होते. प्रकरण एकवीस वर्षे चालले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चावी हातात घेतल्यावर काळजी घेतल्याचे दाखवण्याचा भार हॉटेलवर येतो. निष्काळजीपणा झाला असेल तर छापील वाक्याच्या आड लपता येत नाही. गिऱ्हाईक स्वतः गाडी झाडाखाली लावून चावी खिशात घालून आत आले, तर गोष्ट निराळी. तेव्हा हॉटेलवाल्यांनो, चावी घ्यायची असेल तर राखणदार ठेवा. राखणदार परवडत नसेल तर चावी घेऊ नका.

पोऱ्या

आता मी जे सांगणार आहे ते मुख्यतः शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे. हॉटेल म्हटले की मालक आला, आचारी आला, वाढपी आला, आणि 'पोऱ्या' आला. खांद्यावर ओले फडके, हातात एका बोटाला एक असे अडकवलेले चार पेले, आणि कोणीही कोणत्याही नावाने हाक मारावी. आपल्यातल्या किती जणांनी त्याला त्याचे खरे नाव विचारले असेल?

१९८६ च्या बालकामगार कायद्याने काही धोक्याच्या धंद्यांत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, पण त्या यादीत हॉटेल नव्हते. म्हणजे फटाक्यांच्या कारखान्यातले मूल कायद्याला दिसले, भट्टीपुढचे दिसले नाही. वीस वर्षांनी, १० ऑक्टोबर २००६ पासून, हॉटेल, ढाबे, उपाहारगृहे आणि घरकाम ही कामे त्या बंदीत आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याच धंद्यात नोकरीवर ठेवता येत नाही असे झाले. एक सवलत ठेवली आहे: घरच्या धंद्यात, शाळेची वेळ सोडून वा सुटीत, धोका नसलेल्या कामात मूल हातभार लावू शकते. ही सवलत आईबापांना मदत व्हावी म्हणून आहे. 'हा माझ्या चुलत मेहुण्याचा मुलगा' असे सांगून आठवी सोडलेल्या पोराला रात्री दोनपर्यंत उभे करावे म्हणून ती नाही.

माझ्या सकाळच्या तासाला एक विद्यार्थी नेहमी पेंगत असे. मी एकदा रागावून उभा केला. तो म्हणाला, "सर, रात्रपाळीला हाटेलात असतो. पहाटे ट्रका वाढतात." त्याचे वय झालेले होते, तेव्हा कायद्याचा भंग नव्हता. पण तो पुढे जे बोलला ते मला विसरता आलेले नाही. "सर, मी मोठा झाल्यावर लागलो हे बरं. माझ्या आधी तिथं जो होता, तो पाचवीत शाळा सोडून आला होता. त्याला बिल वाचता येत नाही. मालक त्याला म्हणून गल्ल्यावर बसवत नाही. तो अजून टेबलंच पुसतो." श्रोतेहो, बालमजुरीवर मी अनेक पुस्तके वाचली आहेत, पण लहानपणी कामाला लावलेला माणूस मोठेपणी त्याच कामात कसा अडकतो, हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते. हजेरीपटावर सलग आठ दिवस नाव कोरे दिसले, तर शिक्षकांनी घरी जावे. आणि घरी मूल भेटले नाही, तर एकदा महामार्गावरही चक्कर टाकावी.

पायाखालची जमीन

शेवटचा प्रश्न खुद्द रस्त्याचा. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पाणी वर वर आले. पळसदेवासारखी गावे नदीकाठ सोडून वर सरकली. जुने देऊळ पाणी ओसरले की आजही वर येते. नदीकाठची काळी जमीन ज्यांची गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना रस्त्याकडेचा तुकडा हाच आधार राहिला. कोणी टपरी घातली, कोणी मासळीची थाळी सुरू केली. आता भिगवणची मासळी खायला आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्यामुंबईचे लोक येतात. ज्या पाण्याने शेती नेली त्याच पाण्याने गिऱ्हाईक आणले, असा हा उलटा हिशेब आहे. मात्र मासा कोणता वाढतो याकडे लक्ष असू द्या. परदेशी मांगूर पाळण्यास आणि विकण्यास बंदी आहे.

पण शेतजमिनीवर हॉटेल बांधणे म्हणजे जमिनीचा वापर बदलणे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने त्यासाठी अकृषिक परवानगीची अट घातली. अलीकडे सरकारने ती वाट बरीच सोपी केली आहे, तेव्हा चालू नियम तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत विचारून घ्यावा. त्याखेरीज महामार्गावरून आपल्या अंगणात गाडी वळवायची, तर २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे त्या वाटेचीही परवानगी लागते. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मध्ये दुभाजक आला. समोरच्या बाजूची गाडी, जी पूर्वी सहज वळून येई, ती आता लांबचा वळसा असल्याने पुढेच जाते. भूसंपादनात जमिनीची भरपाई मिळते. तुटलेल्या गिऱ्हाइकीची मिळवणे अवघड. मालकाचे हे गाऱ्हाणे खरे आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात अजून नीटसे बसलेले नाही.

दारूबंदीच्या निकालाचेही तसेच. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको. ३१ मार्च २०१७ ला वीस हजार वा त्याहून कमी वस्तीच्या हद्दीत हे अंतर दोनशे वीस मीटरांवर आणले गेले. पुढे शहरी हद्दींना सूट मिळाली, आणि २०१८ मध्ये काही गावांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. परवान्याची फी आगाऊ भरलेल्या मालकांचे नुकसान झाले हे नाकारता येत नाही. पण रस्त्यावर दगावलेल्यांच्या घरी जाऊन कोणी असे म्हणेल का, की ते अंतर जास्त होते?

म्हणून मी आरंभी म्हटले, की भिंतीवरच्या कागदांची मागची बाजू पाहिली पाहिजे. पुढून पाहिले तर तो शिक्का असतो, फी असते, हेलपाटा असतो. मागून पाहिले तर तिथे कोणीतरी उभे असते. बडोद्याच्या बागेत गाडीची वाट पाहणारा प्रवासी असतो, वळचणीची कपबशी विसळणारा म्हातारा असतो, बिल वाचता न येणारा पोऱ्या असतो. कागदाने सगळे होते असे मुळीच नाही. गंगाराम कांबळ्यांच्या दारी जर राजा थांबला नसता, तर सगळे परवाने असूनही त्यांची भट्टी विझली असती. आणि आज राजे नाहीत; त्यांच्या जागी आपण आहोत, गिऱ्हाईक म्हणून.

डाळजच्या रस्त्याने जाताना कधी थांबलात, तर चहा जरूर घ्या. दर विचारा, बिल मागा, पाणी मागा. शेजारच्या बाकड्यावर कोण बसले आहे हे न पाहता बसा. आणि पेले उचलायला जो येईल, तो फारच लहान दिसला, तर त्याला एवढे विचारा: "बाळ, तुझं नाव काय? शाळा कुठली?"